एक जूनचे पिंगळे

"ह्या केबिनीत बोलायचं म्हंजे चावडीवर हुबं राहून बोलायचं!" आप्पासो पिंगळे फोन आपटून बाहेर आले आणि पुटपुटले. पुटपुटले म्हणजे त्यांच्या मानाने पुटपुटले. वडूजच्या एसटी स्टँडवर म्हसवड गाडी लागलेली होती, तिच्या मागच्या बाकापर्यंतच काय ते गेलं असेल. "दार लागत न्हाई, काच हलती. सुबेदार, म्या खात्याकडं तक्रार करणार हाय, सांगून ठेवतो."

"बराबर हाय," सुभेदार कृष्णात पिंगळे म्हणाले आणि शांतपणे बिल फाडून त्यांच्या हातात दिलं.

मागे स्टुलावर घेवडा निवडत बसलेल्या अंजनाबाईंनी मान वर केली नाही. आपल्यावरच्या तक्रारीला 'बराबर हाय' म्हणणारा नवरा त्यांच्या रोजच्या बघण्यातला होता.

स्टँडवर फोनची आणखीही दुकानं होती. तिथली दारं लागत होती, एका ठिकाणी तर पंखासुद्धा होता. पण खासगी काही बोलायचं असलं की माणूस सुभेदारांच्या बूथची पायरी चढायचा. ठरलेलं स्थळ मोडायचं असो, भावकीतली कुरबुर असो, नाहीतर मुंबईला गेलेल्या नवऱ्याला झापायचं असो. सुभेदार हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि आतला शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडायचा नाही. "मिलिटरीत सिग्नलमधी हुता गड्या. मेला तरी फोडायचा न्हाई," असं लोक कौतुकाने म्हणत.

फोडायला आत काही जातच नव्हतं, हे अंजनाबाईंना ठाऊक होतं. उभी नोकरी कानाला यंत्र लावून सुभेदारांनी पलटणीचं ऐकलं. घरचं ऐकायची पाळी आली तेव्हा उजवा कान साफ गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. माणसाला पेन्शन बसली, कानांना नुसतीच सुट्टी मिळाली. पण ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, आणि आपल्याला कळलंय हे बायकोने त्यांना सांगितलं नव्हतं. मीटरवरचे आकडे डोळ्यांनी वाचता येत होते, बोलणाऱ्याच्या ओठांवरून अंदाज बांधता येत होता, आणि जिथे अंदाज बसत नव्हता तिथे 'बराबर हाय' होतं. ऐकू न येणाऱ्याने फोनचा बूथ चालवावा का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही जाऊन कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला गेलं की सांगावं लागलं असतं.

अडचण एकच होती. रविवार.

रविवारी सकाळी सांगलीहून लेकीचा, सृष्टीचा फोन यायचा. आधी सुभेदार बोलायचे, म्हणजे 'बरं, बरं' करायचे, मग फोन अंजनाबाईंकडे द्यायचे. चैत्रातल्या एका रविवारी मात्र अंजनाबाई औंधला यमाईच्या दर्शनाला गेल्या होत्या. लेकीच्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती, आणि देवीकडे काय मागायचं ते ठरलेलं होतं. परत येऊन त्यांनी विचारलं, "फोन आल्ता का? काय म्हनली?"

"काय न्हाई. बरी हाय," सुभेदार म्हणाले आणि मीटर पुसायला लागले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी अंजनाबाईंनीच सांगलीला लावला. सृष्टी कोरडेपणाने म्हणाली, "आबांना सांगितलंय मी सगळं. ते म्हणाले, बरं बरं, तिकडं पाऊस हाय का. मग आणखी काय बोलायचं, आई? त्यांनाच विचार." आणि तिने फोन ठेवला. हट्टाच्या बाबतीत पोर बापावर गेली होती.

आता नवऱ्याला विचारायचं तर 'तुम्हाला ऐकू आलं नाही' इथूनच सुरुवात करावी लागणार. अंजनाबाई तीनदा पदर खोचून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तीनदा "चा घेता का?" एवढंच विचारून मागे फिरल्या.

त्याच सुमारास सुभेदारांच्या डोक्यात वेबसाइट शिरली.

बूथच्या वरच्या खोलीत प्रबुद्ध बनसोडेचा कॉम्प्युटर क्लास होता. प्रबुद्ध सांगलीत वाढलेला, तिशीचा, बोलण्यात तरबेज गडी. वडूजला त्याच्या मावशीचं, मुक्ताबाईंचं चहाचं हॉटेल होतं, बूथला लागूनच. त्यांच्या भरवशावर त्याने इथे क्लास काढला होता. अठ्ठ्याण्णव साल होतं. इंटरनेट म्हणजे काय ते वडुजात कुणाला धड माहीत नव्हतं. पुण्याला फोन लावून तो जोडावा लागे, आणि जोडला गेला की वरून किंचाळल्यासारखा आवाज येई. त्या आवाजाने गिऱ्हाईकं दचकत. सुभेदार तेवढे प्रसन्न बसून असत.

"काका, तुमच्या गावाची, आख्ख्या पिंगळवाडीची साइट करू," प्रबुद्ध म्हणाला. "गावची माणसं कुठं कुठं आहेत, पुणं, मुंबई, बेळगावच्या पलटणीत. समद्यांनी आपापली माहिती भरायची."

हे त्याने पाटीवर लिहून दाखवलं, म्हणून सुभेदारांना नीट कळलं. आणि सुभेदारांचे डोळे चमकले. माणूस बोलत नाही, लिहितो! हे आधी कुणी का नाही काढलं?

मग सल्ले सुरू झाले. माहिती म्हणजे नाव आणि पत्ता, असं प्रबुद्धचं म्हणणं होतं. आप्पासो म्हणाले, जमीन किती ते पाहिजे, आणि त्यात बागायत किती. मुक्ताबाई म्हणाल्या, रगताचा गट ल्ह्या, अडीनडीला उपयोगी पडंल. आप्पासोंच्या कारभारणीने निरोप धाडला की लग्नाच्या पोरींची उंची आणि रंग हवा. कुणी म्हणालं ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते विचारा, कुणी म्हणालं दारू पितो का ते विचारा, त्यावर आप्पासोंनी हे विचारायची गरज नाही असं ठासून सांगितलं. 'काही दुखणे, आजार' हा रकाना कुणी सुचवला ते आठवत नाही. सगळ्यात शेवटचा रकाना मात्र सुभेदारांनी स्वतः घातला. 'आणखी काही सांगायचे राहिले असल्यास किंवा एकदा सांगून झालेले पुन्हा सांगायचे असल्यास येथे लिहावे.'

"हे काय काका? असलं कुठल्याच फॉर्मात नसतं," प्रबुद्ध म्हणाला.

"बराबर हाय," सुभेदार म्हणाले. रकाना राहिला.

एका गोष्टीत मात्र ते पक्के होते. "लोकांची माहिती गोळा करायची म्हंजे दारूगोळा ताब्यात घेतल्यागत हाय. पहारा पायजे." आणि साइटच्या तळाशी त्यांनी स्वतः मजकूर दिला. 'आपण दिलेली माहिती आपल्याखेरीज कोणासही दिसणार नाही. ती कोणास विकली, सांगितली अगर चहाच्या हॉटेलात बोलली जाणार नाही. हा शब्द आहे. सुभेदार कृष्णात पिंगळे, निवृत्त.'

पहाऱ्यासाठी प्रत्येकाने आपला गुप्त शब्द ठरवावा, असं प्रबुद्धने सुचवलं. आप्पासोंनी लगेच ठरवला आणि विसरायला नको म्हणून हॉटेलातल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवला. ते पाहून गुप्त शब्दाचा बेत रद्द झाला. मग ठरलं की आडनाव आणि जन्मतारीख टाकली की ज्याचं त्याचं पान उघडेल. जन्मसाल मात्र नको. पिंगळवाडीत सालावरून भावाभावांत कोण थोरला याचे वाद होते. नुसता दिवस आणि महिना.

प्रबुद्ध सांगलीचा. त्याच्या बापाने त्याची जन्मतारीख वेळेसकट भिंतीवर कोरून ठेवलेली. त्यामुळे जगात प्रत्येकाला स्वतःची वेगळी जन्मतारीख असते, अशी त्याची भाबडी समजूत होती. पिंगळवाडीत पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, "जन्म कवाचा?" बाप म्हणायचा, "ज्वारी काढत हुतो तवाचा." मग मास्तर एक जून लिहायचे. बापाचाही त्यांनीच एक जून लिहिलेला असायचा. शंकरोबाच्या टेकडीपासून ओढ्यापर्यंत सगळी पिंगळवाडी एक जूनला जन्मलेली होती, आणि ओढ्यापर्यंत सगळ्यांचं आडनाव पिंगळे होतं.

सुभेदारांना हे सुचायला हवं होतं. पण आपली जन्मतारीख एक जून, हे त्यांना इतकं लहानपणापासून पाठ होतं की ती दुसऱ्या कुणाची असेल असं मनातही आलं नाही.

पहिलं नाव संस्थापकाचं म्हणून त्यांचं चढलं. एका बोटाने टाइप करत त्यांनी एक अख्खी दुपार घालवली; कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग माहितीतल्या माणसांना पत्रं गेली, आणि हळूहळू पानं भरत गेली. ज्याच्याकडे ईमेल नव्हता त्याने मेव्हण्याच्या ऑफिसातला दिला. सृष्टीचं नाव सुभेदारांनी माहेरच्या आडनावाने स्वतःच घातलं, जावयाच्या ऑफिसचा ईमेल दिला, आणि शेवटचा रकाना तिच्यासाठी मोकळा ठेवला. रोज सकाळी ते वर जाऊन विचारत, "सांगलीचं काय आलं का?" प्रबुद्ध मान हलवी. ते खाली येऊन मीटर पुसत. मीटरचे आकडे पुसट व्हायला लागले होते.

साइटला आणखी एक सोय होती, प्रबुद्धच्या हौसेची. ज्याचा वाढदिवस असेल त्याला आपोआप शुभेच्छा जायच्या. 'आज आपला वाढदिवस! आपले पान अवश्य पाहावे.'

एक जून उजाडला. सोमवार होता. आख्ख्या पिंगळवाडीला एकदम शुभेच्छा गेल्या. पुण्यातून, मुंबईतून, बेळगावच्या छावणीतून माणसांनी कौतुकाने आपापलं पान उघडायला घेतलं. आडनाव, पिंगळे. तारीख, एक जून. आणि यंत्र बिचारं आज्ञाधारक. पिंगळे, एक जून म्हटल्यावर जे पहिलं सापडेल ते पुढे ठेवत गेलं. पहिलं सुभेदारांचं.

संध्याकाळी प्रबुद्ध जिना उतरून खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. "काकू, जरा वर या," तो म्हणाला. "काकांना नका सांगू." हे तो नेहमीच्या आवाजात, सुभेदारांच्या शेजारी उभा राहून म्हणाला, आणि म्हणताना त्याच्याच लक्षात आलं की आपल्यालाही माहीत आहे.

वर पडद्यावर पान उघडं होतं. 'काही दुखणे, आजार' या रकान्यात लिहिलं होतं:

'उजवा कान बंद. डाव्याला थोडे येते. घरी सांगितलेले नाही, अंजना काळजी करील. सृष्टी रविवारी फोनवर काय बोलते ते कळत नाही. आवाज तिचा आहे एवढे कळते. तेवढ्यासाठी फोन घेतो.'

अंजनाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "कुणीकुणी बघितलं रं हे?"

"समद्यांनी, काकू."

त्याने त्याच क्षणी साइट बंद केली आणि वर 'दुरुस्तीचे काम चालू आहे' असं लिहिलं. पण स्टँडवर 'दुरुस्तीचे काम' लिहिलेल्या मुतारीत जसं सगळे जाऊन आलेले असतात, तसंच हेही झालं होतं.

आणि मग पिंगळवाडीने जे केलं ते आजवर तिने कधी केलं नव्हतं. ती गप्प बसली. जो तो समजत होता की चुकून आपणच एकट्याने सुभेदारांचं खासगी वाचलं. बोलावं तर दुसऱ्याच्या घरात डोकावल्याची कबुली द्यायची. त्यातून खाली सुभेदारांचा शब्द छापलेला. तेव्हा गावात कुणीच कुणाला बोललं नाही, फक्त सगळे एकदम चांगले वागायला लागले. कुणी लसूण घालून कढवलेलं तेल आणून अंजनाबाईंच्या हातात सारलं, "सहज केलं हुतं वहिनी, आसूदे घरात." बेळगावहून मानसिंग नावाच्या दीराने मिरजेच्या कानाच्या डॉक्टरचा पत्ता धाडला, खाली लिहिलं, 'माझ्या मित्रासाठी मिळवला होता, जास्तीचा होता.' मुक्ताबाई चहा देताना बोटांनी साखर किती ते विचारू लागल्या. आप्पासो तर सुभेदारांच्या डाव्या बाजूलाच उभे राहून असे बोलत की समोरच्या झाडावरचे कावळे उठत.

"समदी माझ्यावर एवढी खूश का हायेत?" सुभेदारांनी बायकोला विचारलं. "साइट बंद पडली तरी?"

अंजनाबाई म्हणाल्या, "चा घेता का?"

एवढ्यात आप्पासोंची जुनी तक्रार सरकारी चालीने चालत चालत मुक्कामाला पोचली. टेलिफोन खात्याचे एक साहेब फाइल काखेत घेऊन साताऱ्याहून उतरले. 'बूथमध्ये गोपनीयता नाही. दार लागत नाही.' आप्पासोंनी त्यांना लांबून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, ती तक्रार म्या आदी केल्ती वो. हे ठावं न्हवतं तवा."

"काय ठावं न्हवतं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई," आप्पासो म्हणाले आणि चपलेकडे बघू लागले.

साहेब नेमके उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसले. पहिला प्रश्न विचारला. सुभेदारांनी साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. पलीकडे अर्धं स्टँड जमलं होतं. मुक्ताबाईंनी हवेत चौकोन काढला आणि छातीवर हात ठेवला. "लायसन माझ्याच नावाचं हाय," सुभेदार म्हणाले. साहेबांनी टिपून घेतलं. दुसरा प्रश्न झाला. प्रबुद्धने जिन्यावरून उघडझाप करून दाखवली. "बिजागरी गेलीया, सुतार सांगितलाय." साहेब मागे वळले की सगळे आभाळाकडे बघत.

"आता प्रत्यक्ष बघतो," साहेब म्हणाले. "कुणीतरी आत जाऊन नेहमीसारखं बोला."

आप्पासोंना पुढे ढकलण्यात आलं. त्यांनी नेहमीसारखंच बोलायचं म्हणून फलटणच्या मेव्हण्याला फोन लावला, आणि बोलता बोलता परीक्षा विसरून त्याचा जो उद्धार केला तो म्हसवड गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून ऐकला. ते घाम पुसत बाहेर आले. साहेबांनी सुभेदारांना विचारलं, "आतलं तुम्हाला इथं बसून काय ऐकू आलं?"

गर्दीतल्या प्रत्येकाने आपापल्या कानाला हात लावून जोरजोरात नकार दिला.

"एक शबूद न्हाई," सुभेदार म्हणाले. नोकरीत शपथेवर दिलेल्या साक्षीसारखं खरं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला तर मेव्हण्याच्या आजोबांपर्यंत सगळं ऐकू आलं."

"बराबर हाय."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "सुभेदार, ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस मी या नोकरीत पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले, आणि फाइलमध्ये लिहू लागले. अंजनाबाईंना त्यांच्या खांद्यावरून दिसलं. 'दार नादुरुस्त. गोपनीयता उत्तम.' मुक्ताबाईंनी साहेबांपुढे चहा ठेवला. सगळ्या स्टँडने श्वास सोडला.

तेवढ्यात सांगली गाडी आली.

सृष्टी उतरली. दांडी धरून, आधी एक पाय, मग जरा थांबून दुसरा. अंजनाबाईंच्या हातातलं घेवड्याचं ताट कलतं झालं. कुणी काही सांगायची गरज उरली नाही. त्या रविवारी लेक बापाला काय म्हणाली असेल, ते अंजनाबाईंना तिच्या एका पावलावरून कळलं. आपण औंधला जे मागत होतो, ते त्याच सकाळी फोनवरून घरी आलं होतं, आणि 'बरं बरं, तिकडं पाऊस हाय का' म्हणून परत गेलं होतं.

सृष्टीच्या हातात कागदाची घडी होती. एक जूनला ऑफिसात उघडलेलं सुभेदारांचं पान जावयाने तेव्हाच छापून ठेवलं होतं, आणि बायकोचं रडणं कसं थांबवायचं ते न कळून काल तिला दाखवलं होतं. ती थेट बापापुढे येऊन उभी राहिली. उजव्याच बाजूला. सवयीने, हळू आवाजात ती काहीतरी बोलली.

सुभेदारांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं. "बरं, ब..."

आणि ते थांबले. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यावर 'बरं' बसत नव्हतं. त्यांनी सवयीने तिच्या मागे गर्दीकडे पाहिलं. पण या वेळी कुणी खूण करेना. मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला होता, आप्पासो चपलेकडे बघत होते, जिन्यावर प्रबुद्ध कठडा घट्ट धरून उभा होता. समोर साहेब चहा पीत होते, मांडीवर ती फाइल उघडीच. अंजनाबाई पुढे सरकल्या. या वेळी त्यांच्या तोंडात चहा नव्हता. दोन वर्षं गिळलेलं वाक्य ओठांवर आलं होतं.

पण सुभेदारांनी हात वर केला. पलटणीत थांबा म्हणताना करत तसा. साहेबांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग बूथकडे, मग लेकीकडे. ऐकू न येणाऱ्याला स्वतःचा आवाज केवढा निघतो ते कळत नाही. त्यामुळे ते जे म्हणाले ते सांगली गाडीच्या टपावर बोचकी चढवणाऱ्यालाही ऐकू गेलं.

"सृष्टे, मला ऐकू येत न्हाई."

साहेबांचं पेन फाइलवर टेकलं आणि तसंच राहिलं. पण गर्दीतलं एकही माणूस दचकलं नाही, हे सुभेदारांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी सगळ्यांवरून एकदा डोळे फिरवले, थोडे खजील झाले, थोडे हसले. मग साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं, उठून स्वतःची खुर्ची उचलली आणि सुभेदारांच्या डाव्या बाजूला नेऊन मांडली.

सुभेदारांनी त्या खुर्चीवर थोपटलं.

"हितं बस, बाय. त्या रविवारी काय म्हनलीस, ते परत सांग."